मध्यकाच्या अलीकडची माणसे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आम्हा तिघा माजी विद्यार्थ्यांना एकाच आठवड्यात मिळाले. आपल्या विद्यालयाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पहाटेची वंदना, भोजनगृहातील रांगा, परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चाललेला अभ्यास, या साऱ्यांविषयी या अंकात अनेक जण लिहितील आणि आमच्याहून सरस लिहितील. म्हणून आम्ही ठरवले, की ज्यांनी आम्हांला गणित शिकवले त्या सरांच्या आजारपणात आम्ही जे नव्याने शिकलो, ते येथे मांडावे. कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तातील काही घटक मोजून त्याच्या पुढील आयुष्याचा अंदाज बांधला जातो. तो अंदाज कसा बांधतात, तो किती खरा मानावा आणि त्याचे करावे काय, हा आमचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्या घरात असा कागद येतो, तेथे तो रुक्ष राहत नाही.

सरांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. ते छापू नये, अशी त्यांचीच इच्छा होती. सांख्यिकीचे प्रकरण शिकवताना ज्यांनी वर्गातील मुलांना उंचीप्रमाणे उभे करून मधल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि 'हा तुमचा मध्यक' असे सांगितले, ते सर, एवढे म्हटले की जुन्या विद्यार्थ्यांना पुरेसे आहे.

शाळा सुटल्यावर पोटापाण्यासाठी आम्ही तिघे मीरा-भाईंदरला येऊन स्थिरावलो. एक जण मीरा रोडच्या एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, दुसरा शिक्षक आहे, तिसरा रेल्वेत नोकरीस आहे. निवृत्तीनंतर सर आणि काकूही भाईंदर पश्चिमेला राहावयास आले, तेव्हा आमचे रविवार पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागले. २०२२ च्या पावसाळ्यात सरांची पाठ दुखू लागली. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची पाठ दुखणे यात कोणाला नवल वाटत नाही. पण दुखणे हटेना, चेहरा पांढुरका पडू लागला, जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन उतरलेले आणि क्रिएटिनिन वाढलेले निघाले. पुढील तपासण्यांनंतर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात निदान झाले: मल्टिपल मायलोमा.

हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशींचे मूळ काम रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करण्याचे. त्यांच्यातील एकच पेशी बिघडून वाढत सुटली, की ती एकाच साच्याचे निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे थकतात, रक्त कमी होते. हा आजार शरीरातील द्रवांमधून ओळखण्याची परंपरा जुनी आहे. लंडनमधील एका रुग्णाच्या लघवीतील विचित्र प्रथिनाचे वर्णन हेन्री बेन्स जोन्स या वैद्याने १८४७ साली प्रसिद्ध केले. कर्करोगाचा माग शरीरातील एखाद्या रासायनिक घटकावरून काढता येतो, याचे ते पहिल्या काही उदाहरणांपैकी एक मानले जाते.

सरांच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे विशेष महत्त्वाचे होते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ७.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि अल्ब्युमिन २.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिले प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशींच्या पृष्ठभागावर असते. तेथून ते रक्तात सुटते आणि मूत्रपिंडे ते काढून टाकतात. कर्करोगाच्या पेशींचा भार वाढला तर ते वाढते, मूत्रपिंडे मंदावली तरीही वाढते. अल्ब्युमिन यकृतात तयार होते. आजाराने अंगात दाह पेटला की ते उतरते. म्हणजे एक आकडा आजाराचे बळ सांगतो, दुसरा शरीराचे. २००५ साली या दोहोंच्या आधारे मायलोमाची आंतरराष्ट्रीय टप्पा-पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियातील १७ संस्थांमधील १०,७५० रुग्णांची माहिती गोळा केली होती. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.५ हून कमी आणि अल्ब्युमिन ३.५ किंवा अधिक असेल तर पहिला टप्पा. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ५.५ किंवा अधिक असेल तर तिसरा. उरलेले सारे दुसऱ्यात. त्या रुग्णांमध्ये जगण्याच्या कालावधीचा मध्यक पहिल्या टप्प्यात ६२ महिने, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात २९ महिने निघाला होता.

सर तिसऱ्या टप्प्यात होते. आमच्यातील तंत्रज्ञाला ते रिपोर्ट हाती पडताच कळले. त्याच संध्याकाळी काकूंनी आम्हांला जिन्यात गाठले. "बाळांनो, त्यांना आकडा सांगू नका. आयुष्यभर आकड्यांबरोबर राहिलाय माणूस. आता हा आकडा धरून बसतील." काकूंचे म्हणणे आम्हांला चूक वाटले नाही. आपल्याकडील बहुतेक घरांत असेच होते. रुग्णापासून रिपोर्ट लपवला जातो, आणि त्यामागे माया असते. पण रिपोर्टवर नाव सरांचे होते, रक्त सरांचे होते आणि प्रश्न विचारणारेही सरच होते. ज्यांनी आम्हांला उत्तराआधी पायऱ्या लिहावयास शिकवले, त्यांच्यासमोर पायऱ्या गाळून उत्तर देणे आम्हांला जमण्यासारखे नव्हते. आम्ही काकूंना एवढेच म्हटले, की आम्ही आपणहून काही सांगणार नाही. सरांनी विचारले तर खोटे बोलणार नाही.

सरांनी तिसऱ्याच दिवशी विचारले. २९ हा आकडा ऐकून ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मध्यक आहे की सरासरी?"

"मध्यक, सर."

"मग नीट सांग. २९ महिन्यांनी माणूस मरतो असे नव्हे. निम्मी माणसे त्याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. पलीकडची किती दूर गेली, ते मध्यक सांगत नाही."

त्यांनी भिंतीवरील दिनदर्शिकेचे उलटलेले पान मागितले आणि आपल्या मनाचे सात आकडे मांडले: ३, ८, १५, २९, ४०, ७१, ११०. मधला आकडा २९. सरासरी काढली तर ३९ हून थोडी अधिक. मग त्यांनी ११० खोडून १७० लिहिले. सरासरी वाढून ४८ झाली, मध्यक मात्र जागचा हलला नाही. "शेवटचा माणूस कितीही जगो, मधल्याला त्याची दाद नसते," ते म्हणाले. अमेरिकेतील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्या आजारात मध्यक ८ महिन्यांचा आहे, असे त्यांना वाचावयास मिळाले. त्यांनी नेमका हाच मुद्दा एका निबंधात मांडला आणि ते २००२ पर्यंत जगले. ही हकिगत आम्ही सरांना मोठ्या उत्साहाने सांगितली. ते हसले. "छान. पण अलीकडची निम्मी माणसे निबंध लिहीत नाहीत, हेही ध्यानात ठेव."

या एका वाक्याने आमचा विचार वेगळ्या दिशेस वळला. आशा देण्यासाठी आपण नेहमी पलीकडच्या माणसांच्या गोष्टी सांगतो. अलीकडच्या माणसांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. पण आकडा त्यांच्याही आयुष्यातून घडलेला असतो.

रुग्णालयातील डॉक्टरांनीही सरांना एकच आकडा दिला नाही. तो तक्ता ज्या रुग्णांवरून तयार झाला, त्यांच्यावरील उपचार बहुतांशी नव्या औषधांच्या आधीचे होते, हे त्यांनी प्रथम सांगितले. २०१५ साली या पद्धतीत एलडीएच हा रक्तातील आणखी एक घटक आणि पेशींतील गुणसूत्रांचे बिघाड यांची भर पडली. त्या सुधारित अभ्यासात ५ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या टप्प्यात ८२ टक्के, दुसऱ्यात ६२ आणि तिसऱ्यात ४० टक्के होते. शिवाय सरांचे वाढलेले बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन काही अंशी थकलेल्या मूत्रपिंडांमुळेही असणार होते. पुढारलेल्या कर्करोगात डॉक्टर एक ढोबळ ठोकताळा वापरतात: मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात साधारणपणे निम्मे रुग्ण येतात, थोडे त्याआधीच जातात, थोडे फार पुढे जातात. सरांनी मनातल्या मनात हिशेब केला: साडेचौदा ते अठ्ठावन्न महिने. "पट्टा बरा," ते म्हणाले, "एका रेघेवर उभे राहण्यापेक्षा पट्ट्यात चालता येते."

येथे थोडे विषयांतर करून इतर घटकांविषयी सांगतो, कारण आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी लोक रोज त्याविषयी विचारतात. रक्तातील प्रत्येक घटकाचे काम सारखे नसते. काही घटक आजार ओळखण्यास मदत करतात, काही उपचार लागू पडतो आहे की नाही हे दाखवतात आणि काही पुढचा अंदाज देतात. एखाद्या घटकाला दोन कामे येतात, एखाद्याला एकच. लिम्फोमाच्या १९९३ पासून वापरात असलेल्या निर्देशांकात वय, टप्पा, रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता यांच्या बरोबरीने एलडीएच मोजले जाते. साध्या सीबीसीमधील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तरही अंदाज देते. २०१४ साली १०० अभ्यासांतील ४० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली असता हे गुणोत्तर जास्त असलेल्यांचे आयुर्मान कमी आढळले. ही तपासणी भाईंदरच्या कोणत्याही गल्लीत थोडक्या पैशांत होते. पण साधा ताप, जखम, स्टेरॉइडची गोळी यांनीही ते गुणोत्तर चढते. म्हणून घरी बसून दोन आकड्यांचा भागाकार करावा आणि रात्र जागून काढावी, असे कोणी करू नये. समूहाविषयी जे खरे असते, ते एका माणसाविषयी त्याच दिवशी खरे असेलच असे नाही.

मग असा अंदाज हवा तरी कशाला? आम्हांला सापडलेले उत्तर असे, की ज्या अंदाजाने पुढचे पाऊल बदलते तो उपयोगाचा. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे अंश सापडतात का, हे पाहून केमोथेरपी द्यावी की नाही ठरवण्याचा एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले, आणि त्यामुळे आजार उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. तेथे आकड्याने माणसांचा त्रास वाचवला. सरांच्या बाबतीत आकड्याने दुसरे काम केले. त्यांनी निवृत्तिवेतनाचे कागद काकूंना समजावून दिले, बँकेतील नामनिर्देशन पाहून घेतले, आणि शाळेसाठी बीजगणिताच्या उदाहरणांची जी वही दहा वर्षे रेंगाळली होती ती पुरी केली. काकू पुढे एकदा म्हणाल्या, "मला वाटलं होतं आकडा धरून बसतील. त्यांनी तर आकडा कामाला लावला."

उपचारांसाठी आम्ही आळीपाळीने त्यांच्याबरोबर जात असू. भाईंदरहून सुटणारी धिमी लोकल, प्रभादेवीला उतरणे, पूल ओलांडून परळ. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मेहरबाई टाटा गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून ते उभे राहिले. याच रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. इंजेक्शनची वाट पाहत बसले असता सर बाकावरील माणसांशी बोलत. बिहार, बंगाल, विदर्भ, कोकण. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले असे, कोणी नातेवाइकांकडे. एकदा शेजारी बसणारे एक गृहस्थ दोन महिने दिसले नाहीत. गावी गेले, एवढेच कळले. सर परतीच्या गाडीत अस्वस्थ होते. "त्या माणसाचे तक्त्यात काय झाले असेल?" त्यांनी विचारले.

प्रश्न फार नेमका होता. रुग्णांच्या हयातीचा आलेख काढण्याची जी रीत जगभर चालते, ती एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ साली मांडली. तो आलेख उतरत्या पायऱ्यांसारखा दिसतो. प्रत्येक मृत्यूला एक पायरी. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, त्याला शेवटच्या भेटीपर्यंत हयात धरून तेथून पुढच्या हिशेबातून वगळतात. विरारहून निघालेल्या गाडीत कोण कोठे उतरला हे मोजावे आणि काही प्रवासी गर्दीत दिसेनासेच व्हावेत, तसा हा प्रकार. दिसेनासे झालेले प्रवासी इतरांसारखेच असतील, तर हिशेब फारसा बिघडत नाही. पण जे अधिक आजारी, अधिक गरीब, ज्यांचे गाव अधिक लांब, तेच जर नाहीसे होत असतील, तर त्यांचे मृत्यू पायऱ्यांत उतरत नाहीत आणि आलेख आहे त्याहून बरा दिसू लागतो.

मुंबईत ही उणीव भरून काढण्याचा यत्न जुना आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली येथे देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीचे कर्मचारी इस्पितळांत जाऊन कागद पाहतात, महापालिकेच्या मृत्यूनोंदी पडताळतात. ती नोंदणी बृहन्मुंबईपुरती आहे. दहिसर ओलांडले की आमचे शहर तिच्या हद्दीबाहेर पडते. सरांना हे कळले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझी नोंद रुग्णालयाच्या वहीतच पुरी व्हायला हवी. माझे काही झाले, तर तारीख कळवा. एक ओळ अपुरी ठेवू नका." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, जसे पूर्वी हजेरीपत्रकाविषयी म्हणत.

ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांचे जगणे-मरणे कोणाच्या वहीत लिहिले गेले नाही, त्याच समाजात सर जन्मले होते. नोंद नसणे म्हणजे काय, हे त्यांना सांख्यिकीच्या आधीपासून ठाऊक होते. २९ हा आकडा त्यांच्या हाती आला, तो कोणा अनोळखी माणसांनी रक्त दिले, वर्षानुवर्षे तपासणीस येत राहिले आणि त्यांच्या घरच्यांनी शेवटची तारीख कळवली म्हणून. पुढच्या माणसाच्या हाती जो आकडा पडेल, त्यात आपली ओळ असावी, हे त्यांना आपले देणे वाटत होते. म्हणून थकवा असला, पाऊस असला, तरी त्यांनी एकही तपासणी चुकवली नाही.

२०२४ च्या मे महिन्यात सर गेले. निदानापासून बावीस महिने झाले होते. ते मध्यकाच्या अलीकडच्या निम्म्यांत राहिले. हे लिहिताना आम्हांला जड जाते. पण येथे लपवाछपवी केली, तर त्यांनी शिकवलेले वाया जाईल. आकडा चुकला नाही आणि सर हरलेही नाहीत. २९ या आकड्याने त्यांना कोणतेही वचन दिले नव्हते, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. तेराव्या-चौदाव्या दिवशी आम्ही रुग्णालयात दूरध्वनी करण्याचे ठरवले, तर कळले, की काकूंनी तो आधीच केला आहे. ज्या काकू आकडा लपवू पाहत होत्या, त्यांनीच फाइल समोर ठेवून रुग्ण क्रमांक, नाव आणि तारीख सांगितली होती. पलीकडच्या कारकुनाने ती दोनदा विचारून लिहून घेतली.

या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा कागद आला, तर आमचे सांगणे थोडके आहे. रक्ताचा आकडा गुणपत्रिका नव्हे. त्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण काही नसते. तो कशाचा मध्यक आहे, कोणत्या काळातील रुग्णांचा आहे, आणि त्यामुळे उपचारात काय बदलते, एवढे डॉक्टरांना विचारावे. रुग्णाने विचारले, तर त्याला खरे सांगावे, एका आकड्यात न सांगता पट्ट्यात सांगावे. आणि उपचार संपले, गाव लांब असले, अगदी माणूस उरला नसला, तरी रुग्णालयाला कळवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील पुष्कळ जण डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहत असतील; ते पाहावेच. पण रक्त तपासणारे तंत्रज्ञ, नोंदी ठेवणारे कर्मचारी आणि त्या नोंदींचा अर्थ लावणारे सांख्यिकीचे अभ्यासक हेही लागतात, आणि आपल्या वस्त्यांतून आलेले लागतात. कारण कोण नाहीसा झाला हे त्यांना लवकर दिसते. सरांच्या उदाहरणांची वही आम्ही शाळेच्या ग्रंथालयास दिली आहे. सांख्यिकीचे प्रकरण तिच्या शेवटी आहे. ते आधी सोडवा.

— आपले तीन माजी विद्यार्थी, मीरा-भाईंदर